तू वळवला नाहीस तो ड्रोन

वंदना,

आज सकाळी तुझा मदतनीस फेरोज आला आणि ड्रोनच्या बॅटऱ्या घेऊन गेला. पुढच्या खोलीतलं टेबल, चार्जर, वायरींचं सगळं जंजाळ त्यानं जीपमध्ये भरलं. जाताना म्हणाला, "सर, आता तुमची फिकीर मिटली." त्याला चांगलंच म्हणायचं होतं. या बॅटऱ्या घरात नकोत म्हणून मी तुझ्याशी किती भांडलो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत आहे? एखादी फुगली तर, पेटली तर. तू म्हणायचीस, "सैपाकघरात गॅसची टाकी हाय, तिला कामून भेत न्हाई तुमी?" खोली मोकळी झाली. मी दारात उभा राहिलो आणि मला कळेना, आता कशाला भ्यायचं.

मी भित्राच माणूस. तू कामावर निघालीस की माझ्या डोळ्यांपुढे विजेच्या तारा यायच्या, उसातले साप यायचे, ती गरगर फिरणारी पाती यायची. शाळेतून मी तुला फोन लावायचो. तू उचलायची नाहीस, कारण ड्रोन हवेत असताना तू कुणाचाच फोन उचलत नव्हतीस. मग मी पोरांना पाढे म्हणायला लावायचो आणि खिडकीशी उभा राहून, तू कामाला गेलेली असायचीस त्या ताडकळसच्या दिशेनं आभाळ बघत राहायचो, जसं काही तिथून कळणार होतं.

आणि तू गेलीस ती आपल्याच गच्चीवर, कुरडया घालताना. ऊन अजून चढलंही नव्हतं. "डोकं लय दुखायलंय वो," म्हणालीस आणि पदराला हात पुसत खाली बसलीस. फेरोजची जीप परभणीला पोचेपर्यंत तुझं बोलणं थांबलं होतं. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात असतानाच झालं असतं तरी अवघड होतं. एवढी वर्षं मी पहारा दिला तो भलत्याच दरवाजावर.

लोक अजून भेटायला येतात. बसतात, पाणी पितात, म्हणतात, "ड्रोन उडवणारी बाई होती, लय धाडसी." मी दर वेळी दुरुस्त करतो. उडवणारी नव्हे. तूच मला किती वेळा सांगितलंस की ते आपापले उडतात, आपसात बोलतात, कोण कुठं आहे ते एकमेकांना कळवतात. कुणाची बॅटरी उतरली, तर त्याचं राहिलेलं काम बाकीचे वाटून घेतात. तुझं काम त्याच्या आधीचं. शिवाराचे पट्टे पाडायचे, कुणी किती उंचीवरून जायचं ते ठरवायचं, म्हणजे आपसात धडक नको. कुठं उतरायचं, वारा सुटला तर काय, एखाद्यानं उत्तर देणं सोडलं तर काय. "उडायच्या आधीच सगळं भांडण भांडून घ्यायचं असतंय," म्हणायचीस. "एकदा वर गेले की मंग इचार करायला येळ न्हाई."

मला हे कळलं ते तू आमच्या शाळेत आलीस त्या दिवशी. हिवाळा होता. मैदानात तू एक लाल रिबीन कुठंतरी लपवलीस आणि चौथीच्या पोरांना ओळीत उभं केलंस. प्रत्येकाला चुन्यानं आखून एकेक पट्टा दिला. सांगितलंस की ज्यानं त्यानं आपल्याच पट्ट्यात शोधायचं, शेजारचा दमून बसला तर त्याचा पट्टा दोघांनी वाटून घ्यायचा. पोरं शहाण्यासारखी निघाली. तेवढ्यात कडेच्या एका पोरीनं काहीतरी बघून किंकाळी फोडली आणि सगळीच्या सगळी पोरं तिकडं धावली. काही नव्हतं, सरडा होता. मैदान मोकळं पडलं. तू कमरेवर हात ठेवून हसत होतीस. "बघा गुरुजी," मला म्हणालीस, "माणूस आवाजाकडं पळतंय." मीही हसलो. पोरांचंच कौतुक वाटलं मला. कुणी ओरडलं की धावून जाणं यात काय वाईट, असंही तुला म्हणालो. तू पोरांना पुन्हा ओळीत उभं केलंस.

गेल्या पावसाळ्यात ते वाईट माझ्यासमोर आलं.

वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि गोदावरी माझ्या शाळेच्या गावात शिरली. शाळा उंचावर, म्हणून सगळे शाळेत. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या "गंगामाय, फिर आता माघारी" म्हणत होत्या. पाऊस उघडला तसे तू आणि फेरोज आलात, पीकपाहणीचे चार ड्रोन घेऊन. वीज गेलेली. मंडपवाल्याचं जनरेटर आणून वर्गात लावलं, त्याच्यावर बॅटऱ्या. चौथीच्या बाकावर तू लॅपटॉप मांडलास. नदीकाठची शेतं, शेतांतले गोठे-आखाडे, वस्त्या यांचे पट्टे पाडलेस. खालच्या अंगानं सुरू करून वर यायचं ठरवलंस, कारण पाणी खाली आधी भरत होतं. बोट एकच होती. बोटवाल्यांनी सांगितलं होतं की माणूस दिसला तर सांगा, उगं धारेत बोट घालणार नाही.

मी तुझ्या मागं उभा होतो. पडद्यावर चार ठिपके निघाले आणि मला वाटलं, आपली चार लेकरं एकदम पाण्यावर गेली. तुझ्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. आवाज मात्र साधा. "फेरोज, दोन नंबरची बॅटरी बघत राहा."

गयाबाई तेव्हाच वर्गात आली. गावातलीच बाई, पन्नाशीची, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तिचे मालक किसनराव सकाळी मळ्यात बैलं सोडायला गेले होते आणि परत आले नव्हते. ती थेट तुझ्यासमोर येऊन बसली.

"माय, एक तरी इमान धाड ना मळ्याकडं."

"मावशी, शेवटचा फोन कवा आला होता?"

"सकाळी. म्हणले, बैलं सोडून निघायलोय सडकंकडं."

"कोणत्या अंगानं?"

"ते न्हाई सांगितलं. मंग फोन लागंनाच."

तू नकाशा तिच्याकडं वळवलास, मळा दाखवायला लावलास. मळा वरच्या टोकाला होता. तिथवर जाऊन यायचं म्हणजे एका ड्रोनची बॅटरी संपली असती. "तिकडं यायलोच आमी," तू म्हणालीस, "एकेक पट्टा बघत वळीनं यायलो."

तेवढ्यात फेरोज म्हणाला, "ताई, तीन नंबर बोलंना गेला."

पडद्यावरचा एक ठिपका करडा झाला. तू काहीच केलं नाहीस. बाकीच्या तीन ठिपक्यांनी आपापल्या वाटा बदलल्या आणि ते तीन नंबरच्या पट्ट्याकडे झुकू लागले. म्हणजे मळा आणखी लांब गेला. गयाबाईला नकाशा कळत नव्हता, पण ठिपके मळ्यापासून दूर चाललेत एवढं तिला कळलं. तिनं तुझे पाय धरले.

आणि मी ओरडलो. सगळ्या गावादेखत. "अगं, एक वळव ना! एकानं काय बिघडतंय?"

"वळवला तर तीन नंबरचा पट्टा रिकामा राहतोय."

"राहू दे की थोडा वेळ!"

"तिथं कोण हाय ते मला ठाव न्हाई. तुमाला बी ठाव न्हाई."

"इथं हिचा माणूस आहे, हे तर ठाऊक आहे ना?"

"मळ्यातच असतील असं न्हाई. तिथून निघाले होते ते." मग तू माझ्याकडं बघितलंस. तुझे डोळे लाल झाले होते. "ज्याच्यासाठी रडणारं इथं कुणी न्हाई, त्याला बी बघायचंय मला. तुमी गप बसा जरा, गुरुजी."

एका बोटाचं काम होतं. ठिपक्यावर बोट ठेवून त्याला मळ्याकडे ओढायचं, की निघाला. मी ते बोट बघत होतो. तू दोन्ही हात मांडीखाली घालून बसलीस, वंदना. हात आपलं ऐकणार नाहीत अशी तुला भीती वाटली असेल का? तुला मी कधी विचारलं नाही.

तीन नंबरच्या पट्ट्यात वीटभट्टी होती. तिथल्या खोपटाच्या पत्र्यावर एक म्हातारी आणि तिच्या दोन नाती दिसल्या. भट्टीची राखण करणारं बाहेरगावचं कुटुंब, पोरींचे आईबाप दुसरीकडं कामाला गेलेले. ते तिथं आहेत हे गावात कुणाच्याही ध्यानात नव्हतं. बोट गेली, तिघींना घेऊन आली. पोरी शाळेच्या ओट्यावर उतरल्या तेव्हा सगळे धावले. बिस्किटं, कोरडे कपडे, कुणी म्हातारीचे पाय चोळतंय. तू उठली नाहीस. ड्रोन वर सरकत होते.

मळ्यावर पोचले तेव्हा तिथं लिंबाचा शेंडा होता आणि पाणी. दूर एका उंचवट्यावर दोन्ही बैल उभे होते, गळ्यात दावं नसलेले. किसनरावांनी त्यांना सोडलं होतं. गयाबाईनं पडद्यावर बैल ओळखले. नावं घेऊन तिनं त्यांना हाका मारल्या आणि मग आजूबाजूच्या पाण्यात बघत राहिली. तू ते चित्र हलवलं नाहीस. ती म्हणेपर्यंत तिथंच ठेवलंस.

पाणी ओसरल्यावर किसनराव खूप खाली, बाभळीत सापडले. कधी वाहून गेले, कुठून गेले, कुणालाच सांगता आलं नाही.

त्यानंतर आपण दोघं त्याच एका वाक्यावर थांबलो. जेवताना, कपडे वाळत घालताना, गाडीवरून झरीला तुझ्या माहेरी जाताना मी म्हणायचो, "एक वळवला असता तर?" आणि तू म्हणायचीस, "कोणता पट्टा रिकामा ठेवू, ते सांगा." मला त्या पोरींचे चेहरे आठवायचे. पण वाक्य माझ्या तोंडातून पुन्हा यायचंच. भांडण म्हणावं असा आवाजही नसायचा शेवटी शेवटी. एकदा तू नुसतीच म्हणालीस, "तुमी माझ्या बाजूनं भेला असता तर बरं झालं असतं. तुमी माझ्याबद्दल भेत राहिलाव." मला तेव्हा अर्थ लागला नाही. आता थोडा लागतो. माझी सगळी भीती तुला काही होऊ नये म्हणून होती. तुझ्या हातून काय होईल, ती भीती तू एकटीनं वागवलीस.

आणि आज हेही लिहून ठेवतो की मला त्या दिवशी ओरडता आलं ते तुझ्या जिवावर. ठरवणारी तू होतीस म्हणून मी दयाळू होऊ शकलो. मी लॅपटॉपपुढं असतो तर एकही ड्रोन धड कुठं पोचला नसता, माझ्या मैदानातल्या पोरांसारखे सगळे किंकाळीकडं गेले असते. हे तुला सांगायला हवं होतं. आभारच मानायचे होते. नवरा-बायकोत आभार कोण मानतं, म्हणून राहिले.

एक प्रश्न मात्र मी मुद्दामच विचारला नाही. किसनरावांच्या जागी मी असतो तर? वळवला असतास? जिभेवर यायचा आणि मी गिळायचो. "वळवला असता" म्हणाली असतीस, तर गयाबाईला मी तोंड कसं दाखवणार होतो? आणि "नाही" म्हणाली असतीस, तर तुझ्या शेजारी बसून मला जेवण गेलं असतं का? दोन्ही उत्तरांना मी भीत होतो. तू गेल्यावर वाटलं, चला, हा प्रश्न तरी सुटला आता. उत्तर द्यायला माणूसच नाही.

तुझ्या जलदानविधीला घर भरलं होतं. भंतेजींनी "आता वंदना घेऊ या" म्हणताच तुलाच हाक मारल्यासारखं होऊन मी दाराकडं बघितलं. फेरोज शेवटच्या ओळीत डोक्याला रुमाल बांधून बसला होता. जेवणं झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. आवंदा पाऊस मोठा सांगितलाय, आणि तुझ्या जागी त्याला बसवलंय. "सर, पट्टे पाडायला येतंय मला," तो म्हणाला. "पण समोर कुणी रडायलं तर? माझ्याच्यानं हात आवरंल का?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हापासून फोन वाजला की मला भीती वाटते. आधी तुझ्यासाठी वाटायची, आता त्या पोरासाठी वाटते, आणि त्याच्यापुढं येऊन बसणाऱ्या कुणातरी बाईसाठी वाटते, जी अजून आपल्या घरात निवांत भाकरी थापत असेल.

मंडळी पांगली तरी गयाबाई बसून होती. ती आली हेच मला नवल. गावातून जीप बदलून आली होती. तुझ्या फोटोकडं बघत नव्हती, फरशीकडं बघत होती. मी तिच्यापुढं चहा ठेवला. तिनं कप हातात धरून ठेवला.

"गुरुजी, बाई माझ्याकडं यायची. तुमाला ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं.

"बाजाराच्या दिवशी यायची. पैल्या येळेला म्या हाकलून दिली. तोंडाला येईल ते बोलले. दुसऱ्या बाजारी परत आली. ओट्यावर बसली. म्या शेंगा फोडायले होते, ती बी फोडू लागली. टोपलं भरलं. उठली, गेली. मंग येतच राहिली."

बाजाराच्या दिवशी तुला उशीर व्हायचा. भाजी शिळी आणायचीस, म्हणून मी कुरकुरायचो.

"ती माफी मागंल असं वाटायचं मला," गयाबाई म्हणाली. "मागितली न्हाई. एकदा म्याच इचारलं. म्हणलं, बाई, खरं सांग, तुझा मालक असता पाण्यात, तर वळवलं असतं का इमान?"

माझ्या हातातला कप खाली ठेवला गेला. बाहेर कुणीतरी खुर्च्या गोळा करत होतं, लोखंडाचा खणखणाट चालला होता. तो थांबावा असं मला वाटत होतं आणि थांबू नये असंही.

"फोडायची थांबली. शेंगा तशाच हातात. मंग म्हणली, 'न्हाई वळवलं असतं, मावशी. आन मंग जलमभर त्यांच्या नावानं वरडत बसले असते.'" गयाबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "मला राग आला तिचा. अशी कशी बाई, म्हणलं. पण त्या दिवशी घरी म्या पोटभर जेवले. ते गेल्यापासून पैल्यांदा. आमच्या मालकाला गरीब म्हणून न्हाई टाकलं तिनं, एवढं तरी मनाला पटलं. पण गुरुजी, माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून बी बोलतंय. मला आज तेच इचारायचं होतं. तुमी तिच्यासंगं नांदलाव. ती खरं बोलली का?"

वंदना, तिच्या डोळ्यांत बघून मला कळलं की ही बाई जीप बदलत एवढ्यासाठीच आली आहे. तुला विचारता येत नाही, म्हणून मला विचारते आहे. आणि मला त्या वर्गातली तू दिसलीस, मांडीखाली हात दाबून बसलेली. समजा पडद्यावरच्या त्या पाण्यात मी होतो. मी बघत राहिलो. तरीही तू हात काढले नाहीस.

"खरं बोलली," मी म्हणालो. "नसताच वळवला."



गयाबाईनं मान हलवली. गार झालेला चहा तिनं एका घोटात संपवला, कप मोरीत नेऊन विसळला आणि पालथा घातला. मग पदर डोक्यावरून घेत म्हणाली, "मंग चला, मला जीपपोतर सोडा. अंधारायच्या आत घरी जाऊ द्या."

मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघालो.